ओझरला परत काम आलं म्हणजे नेमकं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या एचएएलमधून (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) तेजस मार्क १ए हे लढाऊ विमान उडालं आणि तेव्हापासून नातेवाईक, जुने शेजारी, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतले वर्कशॉपवाले, आयटीआयला असलेल्या पोरांचे आईवडील, सगळे तेच तेच प्रश्न विचारतायत. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. वडील एचएएलमधे होते, मी अंबडला मशीनिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे कारखान्याच्या आतली बाजूही ऐकत मोठा झालो आणि बाहेरून काम मिळवायची धडपडही रोज बघतो.

ओझरला नक्की काय काय आहे? बाहेरच्या माणसाला फक्त एअरपोर्ट माहीत असतं.

नाशिकहून मुंबई-आग्रा हायवेने पिंपळगाव बसवंतकडे निघालं की साधारण २० किलोमीटरवर ओझर, तालुका निफाड, बाणगंगेच्या काठी. तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांचं गाव म्हणून जुनी माणसं अजून तांबट ओझर म्हणतात, नंतरच्या पिढ्या ओझर मिग म्हणायला लागल्या. इथे एचएएलचा विमान बनवायचा कारखाना आहे, त्याच्याच जोडीला विमानं खोलून दुरुस्त करायचा ओव्हरहॉल विभाग आहे, कामगारांची टाऊनशिप आहे, आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे जिथे मिग-२९ आणि सुखोईची मोठी दुरुस्ती होते. धावपट्टी एचएएलची, तीन किलोमीटर लांब, आणि आपण मुंबईला न जाता विमान पकडतो ते पण त्याच धावपट्टीवरून.

कारखाना ओझरलाच का आला?

१९६२ मधे सोव्हिएत युनियनशी मिग-२१ चा करार झाला आणि काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. सांगाडा आणि जोडणी नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. त्याच वर्षी चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ ला नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. इथल्या लोकांनी एकही मत मोजायला न लावता त्यांना दिल्लीला पाठवलं, आणि एचएएल ही त्यांचीच देणगी असं जिल्ह्यातली जुनी माणसं आजही मनापासून मानतात. १९६४ ला नाशिक विभाग सुरू झाला. त्या काळी ज्या गावात द्राक्षबागासुद्धा आजच्यासारख्या नव्हत्या तिथे आवाजापेक्षा वेगाने जाणारं विमान जोडायचं ठरलं, आणि ते शिकली कोण तर बरीचशी आसपासच्या गावांतलीच पोरं, मॅट्रिक नाहीतर आयटीआय करून आलेली.

इथे आतापर्यंत कोणती विमानं बनली?

आधी मिग-२१, त्याचे एकामागून एक तीन प्रकार, साधारण १९८७ पर्यंत. मग मिग-२७. मधल्या काळात जुन्या मिग-२१ ना नवीन रडार आणि शस्त्रं लावून बायसन केलं ते कामही इथलंच. २००० च्या डिसेंबरमधे सुखोई-३० एमकेआय भारतात बनवायचा परवाना मिळाला, २००४ पासून इथे बनलेली सुखोई हवाई दलाला मिळायला लागली आणि सगळी मिळून २२२ सुखोई एचएएलने दिली. ब्राह्मोस क्षेपणास्त्र बसवलेलं सुखोई पहिल्यांदा उडालं ते पण इथूनच, जून २०१६ मधे. मिग-२७ डिसेंबर २०१९ ला निवृत्त झालं आणि मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला. त्या दिवशी ओझर टाऊनशिपमधल्या कितीतरी घरांत रिटायर झालेले काका टीव्हीसमोर बसून होते, कारण त्या विमानाचा कुठला तरी भाग त्यांच्या हातातून गेलेला.

मधे एचएएल बंद पडलं होतं का?

नाही. हा गैरसमज एवढा पसरलाय की सविस्तर सांगतो.

विमानाचा कारखाना दुकानासारखा चालत नाही, तिथे गिऱ्हाईक एकच, सरकार. ऑर्डर आली की दहा-पंधरा वर्षांचं काम एकदम येतं, जिग आणि फिक्स्चर (पार्ट जागेवर पक्का धरायचे सांगाडे) उभी राहतात, माणसं भरती होतात, बाहेरच्या वर्कशॉपना जॉबवर्क मिळतं, आणि ऑर्डर संपत आली की शेवटचं विमान बाहेर पडायच्या कितीतरी आधी सुरुवातीच्या शॉपमधे काम आटतं, कारण सुट्या पार्टचं काम सगळ्यात आधी संपतं आणि जोडणीचं सगळ्यात शेवटी. म्हणजे हँगरमधे अजून सुखोई उभी दिसतायत, बाहेरच्या लोकांना वाटतंय जोरात चाललंय, पण पार्ट बनवणाऱ्याच्या टेबलावर ड्रॉइंगच नाही. २०१८-१९ पासून ओझरला हेच होत होतं. सुखोईची ठरलेली संख्या २०२० च्या आसपास पूर्ण होत आली आणि पुढे काय याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. त्यातच २०१९ च्या ऑक्टोबरमधे पगारवाढीवरून देशभरातल्या एचएएलमधे संप झाला आणि लगेच पुढच्या वर्षी कोरोना आला.

पण ओव्हरहॉलचं काम चालू होतं आणि ते चालूच राहणार, कारण हवाई दलाकडे अडीचशेच्या वर सुखोई आहेत आणि ठरावीक तास उडाल्यावर प्रत्येक विमान पूर्ण खोलावंच लागतं. कारखान्याला टाळं कधीच लागलं नाही.

निफाड तालुक्याला टाळं लागणं म्हणजे काय ते चांगलं माहीत आहे. पिंपळसचा निसाका आणि रानवडचा रासाका, दोन्ही साखर कारखाने कर्जापायी कित्येक हंगाम बंद राहिले, कामगारांची देणी थकली, ऊस दुसऱ्या तालुक्यात गेला. त्यामुळे सुखोईची ऑर्डर संपतेय म्हटल्यावर ओझरमधे जी धास्ती बसली ती उगाच नव्हती, लोकांनी शेजारच्या गावात डोळ्यांनी बघितलेलं होतं.

काम कमी झाल्यावर गावाला नेमका काय फटका बसतो? परमनंट कामगारांचा पगार तर चालूच असतो ना?

परमनंट माणसाचा पगार चालू असतो, बरोबर. फटका बसतो तो त्याच्या भोवतीच्या सगळ्यांना. कंत्राटी कामगार आधी कमी होतो. मग अप्रेंटिस संपल्यावर पोराला पुढे काही मिळत नाही आणि तो चाकणला जातो. मग त्याची खोली रिकामी होते, मेसवाल्या मावशींची ताटं कमी होतात, ओव्हरटाइम बंद झाला की दिवाळीला टीव्ही-फ्रिज घेणारा माणूस पुढच्या वर्षी बघू म्हणतो. निवृत्तीवर निवृत्ती होत राहते आणि जागा भरल्या जात नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. पंचवीस वर्षं रिव्हेट मारून ज्याच्या हाताला कान आलेत, नुसत्या आवाजावरून चुकीचा रिव्हेट ओळखतो, असा माणूस निघून गेला आणि त्याच्याकडून शिकायला खाली कोणी नसेल तर पुढची ऑर्डर येऊनही सुरुवात शून्यातून करावी लागते. पैशाची खोट भरून निघते, ही निघायला दहा वर्षं जातात.

मग आता नवीन काम कोणकोणतं आलंय?

तेजस मार्क १ए. एचएएलच्या तेजसच्या दोन लाइन बंगळुरूला होत्या, तिसरी नाशिकला टाकली आणि संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते १७ ऑक्टोबरला तिचं उद्घाटन झालं. क्षमता वर्षाला ८ विमानं. तिन्ही लाइन मिळून २४.

एचटीटी-४०. नवीन वैमानिकांना शिकवायचं विमान, पुढे पंखा (प्रोपेलर) असलेलं, पूर्ण आपल्या देशात डिझाइन केलेलं. मार्च २०२३ मधे ७० विमानांचा करार झाला आणि त्याची दुसरी लाइन ओझरला आहे, तिचंही उद्घाटन त्याच दिवशी झालं.

सुखोई परत. डिसेंबर २०२४ मधे आणखी १२ सुखोईंचा साधारण १३,५०० कोटींचा करार झाला आणि ती इथेच बनणार. ज्या लाइनवर आता काही उरलं नाही असं सगळे म्हणत होते तिलाच परत काम मिळालं.

प्रवासी विमानांची देखभाल. एअरबसने जानेवारी २०२४ मधे एचएएलशी करार केलाय, ए३२० जातीच्या विमानांच्या देखभालीची सोय नाशिकला उभी करायची. आपल्या देशात जी प्रवासी विमानं उडतात त्यात सगळ्यात जास्त हीच, आणि त्यातली बरीचशी मोठ्या चेकसाठी परदेशात पाठवावी लागतात. हे काम नीट जमलं तर ओझरला पहिल्यांदाच असं गिऱ्हाईक मिळेल जे सरकार नाही. तेजसच्या बातमीपुढे याची चर्चा कमी झाली, पण मला व्यक्तिशः यातून जास्त आशा वाटते, कारण प्रवासी विमानाचा चेक ठरलेल्या वेळी करावाच लागतो, युद्ध असो वा नसो, बजेट असो वा नसो.

वर्षाला ८ विमानं म्हणजे किरकोळच नाही का? महिंद्राची नाशिकची फॅक्टरी एवढ्या गाड्या काही मिनिटांत काढत असेल.

गाडी आणि लढाऊ विमान यांची तुलना आकड्यावर करता येत नाही. एका विमानात हजारो पार्ट असतात आणि प्रत्येक पार्टची जन्मकुंडली ठेवावी लागते, कुठल्या मेल्टचं ॲल्युमिनियम, कोणी कापलं, कोणी तपासलं, कोणत्या गेजने तपासलं. माणसाच्या हाताचं काम प्रचंड असतं. वर्षाला ८ विमानं सलग दहा वर्षं निघाली तर त्यावर एक पूर्ण पिढी शिकते, आणि विमान ३०-४० वर्षं वापरलं जातं म्हणजे त्याचे स्पेअर आणि ओव्हरहॉल तेवढा काळ लागतात. मिग-२१ आणि मिग-२७ चं उत्पादन कधीच संपलं होतं तरी ओझरला त्यांचं काम पुढे कितीतरी वर्षं पुरलं.

८ हा आकडा कागदावरची क्षमता आहे, प्रत्यक्षात किती निघतील ते इंजिनावर आहे. पुढे बघा.

इंजिनाची काय भानगड आहे?

तेजसला अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ४०४ इंजिन लागतं. फेब्रुवारी २०२१ मधे ८३ तेजस मार्क १ए ची ऑर्डर झाली आणि त्याच वर्षी ९९ इंजिनांची. पण जीईची ती लाइन बरीच वर्षं बंद होती, ती परत चालू करून सुटे पार्ट जमवण्यात वेळ गेला आणि पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मधे. विमानं २०२४ पासून द्यायची होती, ती लांबली. नोव्हेंबर २०२५ मधे आणखी ११३ इंजिनांचा करार झालाय, तो नव्या ९७ विमानांसाठी.

म्हणजे बघा, अमेरिकेत एक लाइन थांबली होती त्याचा फटका ओझरच्या माणसाच्या ओव्हरटाइमपर्यंत येतो. आणि आपलीही लाइन थांबली की परत चालू करणं किती जड जातं ते यातूनच शिकण्यासारखं आहे.

हे काम किती वर्षं पुरेल? परत तीच वेळ येणार का?

८३ नंतर २५ सप्टेंबर २०२५ ला आणखी ९७ तेजसचा साधारण ६२,३७० कोटींचा करार झाला, त्याची विमानं २०२७-२८ पासून पुढे सहा वर्षांत द्यायचीत. म्हणजे १८० तेजस, ७० एचटीटी-४०, १२ सुखोई. हे सगळं ओझरला बनणार नाही, मोठा वाटा बंगळुरूचा. पण २०३० च्या पुढेपर्यंत काम दिसतंय असं म्हणायला हरकत नाही. हवाई दलाची गरजही खरी आहे, मंजूर ताकद ४२ स्क्वाड्रनची (विमानांच्या तुकड्यांची) आणि मिग-२१ गेल्यावर उरल्या २९, त्यामुळे विमानं नकोत असं कोणी म्हणेल ही भीती सध्या नाही.

आणि हो, परत तीच वेळ येऊ शकते. सगळा माल एकाच व्यापाऱ्याला घालणाऱ्या बागायतदाराचं जे होतं तेच एका गिऱ्हाईकावर चालणाऱ्या गावाचं होतं, भाव चांगला असतो तोपर्यंत कोणाला काही वाटत नाही. म्हणून मला तर वाटतं विमानं किती निघाली यापेक्षा या दहा वर्षांत ओझर आणि नाशिकमधे किती वर्कशॉप विमानाचा पार्ट बनवायला तयार झाले हा आकडा दरवर्षी विचारला पाहिजे, ग्रामसभेत, निमा या नाशिकच्या कारखानदारांच्या संघटनेच्या मीटिंगमधे, आमदार-खासदारांना. एकदा इथल्या पन्नास वर्कशॉपना विमानाचं काम जमलं की त्यांना एचएएलच लागतं असं नाही, ते बंगळुरूचं, हैदराबादचं, परदेशातलं काम इथे बसून करतील.

तेजसचे पार्ट नाशिकमधेच बनतात का?

मोठे भाग बहुतेक बाहेरून येतात. पंख एल अँड टी कोइमतूरला बनवते, मधला भाग हैदराबादची व्हीईएम टेक्नॉलॉजीज, मागचा भाग अल्फा टोकॉल, पुढचा भाग डायनामॅटिक, हवा आत घेणारा भाग कोइमतूरची लक्ष्मी मशीन वर्क्स. हे सगळे भाग येऊन लाइनवर जोडले जातात, मग वायरिंग, सिस्टिम, तपासण्या आणि उड्डाण.

हे वाचून नाशिकवाल्याला थोडं लागलं पाहिजे, मला तरी लागतं. साठ वर्षांपासून लढाऊ विमान बनवणारं शहर आपलं, आणि पंख बनतायत कोइमतूरला. त्यांचं कौतुकच आहे, कोइमतूरच्या लोकांनी पंप आणि कापड गिरणीच्या मशिनरीपासून सुरुवात करून चिकाटीने इथपर्यंत मजल मारली. आपल्याकडे पोरं होती, मशिनं होती, दारात कारखाना होता. पण आपण जास्त करून गाड्यांच्या पार्टमधे रमलो कारण तिथे पैसा लवकर फिरायचा.

अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपला या कामात शिरता येईल का? नेमकं काय करावं लागतं?

येईल, पण सहा महिन्यांत होईल या हिशोबाने येऊ नका. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पहिलं म्हणजे सर्टिफिकेट. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आयएसओ ९००१ असतं, गाड्यांच्या लाइनमधे आयएटीएफ असतं. विमानाच्या कामाला एएस ९१०० लागतं. त्याचा गाभा आयएसओचाच आहे पण त्यावर पार्टचा माग ठेवणं, बनावट मटेरियल शिरू न देणं, पहिल्या पार्टची पूर्ण तपासणी, बारीकशी वस्तूसुद्धा विमानात विसरून राहू नये याची शिस्त, असं बरंच येतं. सर्टिफिकेट भिंतीवर लावायला मिळतं, पण खरी गोष्ट म्हणजे ऑपरेटरला सवय लागणं. चुकीचा कट गेला तर तो लपवायचा नाही, लगेच सांगायचा, आणि सांगितल्याबद्दल त्याला शिव्या घालायच्या नाहीत. ही सवय मालकाने स्वतः लावून घेतल्याशिवाय शॉप फ्लोअरवर येत नाही.

दुसरं, आकड्यांचा हिशोब उलटा आहे. गाडीचा पार्ट महिन्याला दहा हजार लागतो, सायकल टाइमचे दोन सेकंद वाचले की पैसे. विमानाचा पार्ट वर्षाला वीस-तीस लागतो, सेटिंगला दोन दिवस, मशीनिंगला चार तास आणि कागदाला परत तेवढाच वेळ. कोटेशन देताना मशीन अवरचा रेट टाकून मोकळे होऊ नका, प्रोग्रॅमिंग, फिक्स्चर, सीएमएमची (बारीक मापं घेणाऱ्या मशीनची) तपासणी आणि कागदपत्रांचा वेळ धरा. नवीन लोक इथेच बुडतात, ऑर्डर मिळाली या आनंदात तोट्याचा रेट देऊन बसतात आणि दुसऱ्या लॉटला हात वर करतात.

तिसरं, बऱ्याचदा मटेरियल त्यांचं आणि मशीनिंग आपलं असतं. ऐकायला बरं वाटतं पण तो ब्लॉक खराब झाला की जबाबदारी आपली, आणि विमानाच्या ग्रेडचं ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम बाजारात दुसरा तुकडा आणू म्हटलं तर मिळत नाही. म्हणून सुरुवात साध्या ब्रॅकेटपासून, नाहीतर जिग-फिक्स्चर आणि टूलिंगपासून करा. विमानात न बसणारं पण विमान बनवायला लागणारं सामान खूप असतं, ट्रॉली, स्टँड, ड्रिलिंग जिग. त्यातून तुमचं नाव होतं, खरेदी विभागाला तुम्ही वेळ पाळता का ते कळतं.

चौथं, ॲनोडायझिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग, म्हणजे पार्टवर थर चढवणं किंवा त्याला उष्णता देऊन मजबूत करणं. याला स्पेशल प्रोसेस म्हणतात आणि हे कोणाकडूनही करून घेता येत नाही, मंजूर असलेल्याच ठिकाणी करावं लागतं, परदेशी गिऱ्हाईकाला तर नॅडकॅप ही त्यासाठीची आंतरराष्ट्रीय मान्यता हवीच. पार्ट नाशिकला बनवून फक्त ॲनोडायझिंगला बंगळुरूला पाठवायचा झाला की भाडं आणि वेळ दोन्ही अंगावर येतात. एकट्या वर्कशॉपला अशी लाइन टाकणं परवडत नाही. निमा आणि आयमा या दोन संघटनांनी मिळून सगळ्यांना वापरता येईल असं एक सेंटर उभं करायला जोर लावला तर दहा वर्कशॉपना एकदम दार उघडेल, आणि यासाठी मी कुठल्याही मीटिंगला यायला तयार आहे.

पैशाचं म्हणाल तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करूनच ठेवा. छोट्या उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करायचं सरकारी कंपन्यांना बंधन आहे, टेंडरला अनामत रक्कम माफ होते, आणि एमएसएमई कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. बिल अडकलं तर ट्रेड्स या बिलांच्या ऑनलाइन व्यवस्थेवर टाकून बँकेकडून आधी उचलता येतं. कायदा काहीही म्हणत असला तरी पहिल्या वर्षी खेळतं भांडवल दुप्पट धरून चला, कारण पहिल्या पार्टची मंजुरी येईपर्यंत बिलच बनत नाही.

गाड्यांच्या पार्टचं काम सोडून इकडे यावं का?

सोडू अजिबात नका. नाशिकचं पोट त्यावर चालतं. महिंद्राची फॅक्टरी आहे, बॉशचं डिझेल इंजेक्शनचं काम आहे, त्यांच्या भोवती शेकडो युनिट आहेत. पण डिझेलच्या गाड्या कमी होत जाणार, इलेक्ट्रिक गाडीत इंजेक्टरही नाही आणि गिअरबॉक्सचे निम्मे पार्टही नाहीत, हे अंबडला प्रत्येकाला माहीत आहे आणि तरी मशीन चालू आहे तोवर कोणी बोलत नाही. चार मशीनपैकी एक मशीन आणि दोन चांगली पोरं विमानाच्या कामाला लावा, तीन वर्षं तोटा-नफा सारखाच राहील असं धरा. मग बघा.

माझा मुलगा आयटीआय झालाय, त्याला एचएएलमधे चिकटवता येईल का?

चिकटवणारा कोणी भेटला तर तो फसवतोय, आधी हे लक्षात घ्या. अप्रेंटिस असो वा नोकरी, जाहिरात एचएएलच्या वेबसाइटवर येते, त्यासाठी कोणालाही पैसे द्यायचे नसतात. ओझर, पिंपळगाव, चांदवडकडे आतल्या साहेबांची ओळख सांगून पैसे घेणारे अधूनमधून उगवतात, घरातले दागिने मोडून पैसे देऊ नका.

खरा रस्ता अप्रेंटिसचा. आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची, डिप्लोमा-डिग्रीवाल्यांचं पोर्टल वेगळं, त्याला नॅट्स म्हणतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, अशा ट्रेडना संधी असते. अप्रेंटिस झालं म्हणजे नोकरी पक्की असं नसतं, कायद्यातही तसं बंधन नाही. नोकरीच्या जागाही आता बऱ्याचदा चार वर्षांच्या मुदतीच्या निघतात, परमनंट नाही, हे घरच्यांनी समजून घ्या, वडिलांच्या वेळचं एचएएल वेगळं होतं.

पण तरीही पाठवा. ज्याने तिथे वर्षभर ड्रॉइंग वाचायला, मायक्रोमीटर धरायला आणि आपल्या कामाखाली स्वतःची सही करायला शिकलं, त्याला अंबडला मी स्वतः दोन पैसे जास्त देऊन घेईन.

मुलींना यात जागा आहे का?

आहे, आणि वायरिंगची हार्नेस, इलेक्ट्रॉनिक्स, तपासणी, सीएमएम, प्रोग्रॅमिंग यात मुली उत्तम काम करतायत. अडचण कामाची नसते, अडचण सेकंड शिफ्ट सुटल्यावर ओझर ते निफाड, चांदोरी, दिंडोरीकडे जायला गाडी नसते ही आहे. बस लावा, मुली येतील.

ओझरजवळ प्लॉट घेऊन ठेवू का? भाव वाढणार म्हणतात.

बातमीच्या जोरावर घेऊ नका. विमानतळ आणि संरक्षणाची जागा जवळ असल्याने बांधकामाची उंची आणि परवानगी यावर बंधनं येतात, आधी ना हरकत दाखला लागेल का ते विचारा. सातबारा बघा, एनए आहे का बघा, एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून स्टॅम्पपेपरवर विकणाऱ्यांपासून लांब राहा. राहायला घर हवं असेल तर जरूर घ्या.

शेतकऱ्याला या सगळ्याचा काय उपयोग?

थेट कमी. पोरगं घराजवळ कामाला लागलं तर बागेच्या वाईट वर्षी घरात पगार येतो, निफाड-दिंडोरीच्या कित्येक घरांनी असंच अवकाळी आणि गारपिटीचे हंगाम काढलेत. शिवाय विमानतळाला कार्गोची सोय आहे, एचएएल आणि कॉन्कॉर (रेल्वेची कंटेनर कंपनी) यांची मिळून हॅलकॉन, तिथून आखाती देशांत शेळ्या-मेंढ्या पण विमानाने गेल्यात. द्राक्ष मात्र समुद्राने कंटेनरमधेच जातं, विमानाचं भाडं त्याला झेपत नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने कंटेनरच्याच जोरावर युरोप गाठलाय. त्यामुळे विमानतळ झाला म्हणजे कांदा-द्राक्षाचा भाव वाढेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

कारखाना आतून बघता येतो का? तेजस उडताना कुठून दिसेल?

आत जायला परवानगी नाही, संरक्षणाची जागा आहे, गेटजवळ किंवा कुंपणाजवळ फोटो-व्हिडिओ काढू नका, पोरांना नीट समजावून सांगा कारण रील्सच्या नादात पोलीस केस होऊ शकते. कॉलेजची औद्योगिक भेट हवी असेल तर प्राचार्यांच्या पत्राने एचएएलच्या ट्रेनिंग विभागाकडे बरंच आधी अर्ज करावा लागतो. टेस्ट फ्लाइटची वेळ जाहीर करत नाहीत, पण ओझर, दहावा मैल, सुकेणे या पट्ट्यात राहत असाल तर बघायला वेगळं जावं लागत नाही, आवाज आला की गच्चीवर या.